दीड महिन्याचं साटंलोटं

आयुरेषा खोटं बोलत नाही, हे मिरजेच्या त्या रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना होतं, आयाबाईंना होतं, आणि फाटकाबाहेर शहाळी विकणाऱ्यालाही होतं. खरं तर किडनीच्या रुग्णांना शहाळं वर्ज्य, त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक फारसं फिरकायचं नाही. पण बातम्या सगळ्या त्याच्याकडे असायच्या. "तुम्हाला किती दिली ओ आयुरेषेनं?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला खुशाल विचारायचा, दहावीचे मार्क विचारावेत तसं.

राजश्री मगदूमनं हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिनं मुकाट्यानं डावा हात टेबलावर उताणा ठेवला. प्रत्यारोपणाच्या जोड्या जुळवणाऱ्या डॉ. नूतन घोलप यांना हसू आवरेना.

"हातावरची नाही हो, राजश्रीताई. किडनीची."

राजश्री ओशाळली, पण फार नाही. ती शिरोळ तालुक्यातली रोपवाटिकावाली. वांगी, टोमॅटो, कोबीची लाखभर रोपं तिच्या हाताखालून जायची. कुठलं रोप जगेल आणि कुठलं मान टाकेल हे तिला पान बघून कळायचं. नवरा भरत दोन वर्षं डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा सुया, दिवसाला मोजून तीन पेले पाणी. किडनी द्यायला ती पहिल्या दिवसापासून तयार होती, पण तिचा रक्तगट बी आणि त्याचा ए. तिची किडनी त्याच्या काही कामाची नव्हती.

यावर एक तोड होती. जत तालुक्यातल्या बिरदेव कोळेकरांची एकोणीस वर्षांची मुलगी ऋतुजा, तिचीही तीच गत, फक्त उलटी. बाप ए गटाचा, लेक बी गटाची. राजश्रीनं ऋतुजाला द्यायची, बिरदेवनं भरतला द्यायची, की झालं.

"म्हणजे साटंलोटं," भरत म्हणाला. "आमची पोरगी तुमच्याकडं, तुमची आमच्याकडं. आमच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. आता झालं ते थेट बायकोच्या किडनीचं."

आयुरेषेचं काम इथं सुरू होत होतं. पूर्वी डॉक्टर रक्तगट बघत, पेशींवरच्या काही खुणा जुळतात का ते बघत आणि सांगत, की पहिलं वर्ष किडनी नीट चालेल. वर्षापुरती ही खात्री शंभरात पंचाण्णव असायची. पुढची दहा वर्षं मात्र रामभरोसे. कुणाची किडनी पंचवीस वर्षं चालायची, कुणाची पाचव्या वर्षी कुरकुरायला लागायची, आणि असं का, ते झाल्यावरच कळायचं. आयुरेषेनं ते आधी कळवायला सुरुवात केली. नखाएवढ्या काचपट्टीवर घेणाऱ्याच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी आणि देणाऱ्याच्या पेशी शेजारीशेजारी सोडायच्या, आणि आठ दिवस त्या एकमेकींशी कशा वागतात ते टिपायचं. देणाऱ्याच्या लघवीतून किडनीच्या झिजलेल्या पेशी वेचायच्या. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. त्या किती दमल्यात ते त्या पेशींवरून समजतं. मग हे सगळं मागच्या चाळीस वर्षांतल्या चार लाख प्रत्यारोपणांशी ताडून बघायचं. पडद्यावर एक उतरती रेघ उमटायची. अशा शंभर जोड्या असतील तर पन्नासांची किडनी कितव्या वर्षापर्यंत चालू असेल, तो आकडा रेघेखाली. कायदा असा, की अदलाबदलीत दोन्ही घरांना दोन्ही आकडे दाखवायचे.

ऋतुजाला राजश्रीची किडनी: चोवीस वर्षं.

भरतला बिरदेवची किडनी: अकरा वर्षं.

राजश्री-भरतचा पुण्याला असलेला मुलगा सन्मती फोनवर उसळला. "चोवीस देऊन अकरा घ्यायचे? थांबा ना जरा. दुसरी जोडी मिळेल."

"मी त्रेपन्नाचा," भरत म्हणाला. "अकरा म्हणजे चौसष्ट. त्याच्यापुढं तुझ्या आईलाच माझा कंटाळा येईल."

ऋतुजाला लहानपणी इतक्यांचं रक्त चढवलं होतं, की तिच्या पहारेकरी पेशी जवळजवळ कुणालाच आत घेत नव्हत्या. चार हजारांत एक जुळत होती. ती एक म्हणजे राजश्री. हे कळल्यावर राजश्रीनं सन्मतीचं बोलणं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

परवानग्या, समित्या, ऋतुजाचा मधला ताप, यात सहा महिने गेले. शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी शेवटची तपासणी झाली. डॉ. नूतन यांनी पडदा राजश्रीकडे वळवला आणि स्वतः मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अकराचे सहा झाले होते. खाली तांबड्या चौकटीत लिहिलं होतं, 'दाता आज अयोग्य.'

"सहाचा प्रश्न नंतरचा," डॉक्टर म्हणाल्या. "बिरदेवांचं ब्लडप्रेशर वाढलंय, यकृतावर चरबी आलीय. आज त्यांना टेबलावर घेतलं तर त्यांच्याच जिवाला धोका. आम्ही घेणार नाही."

सन्मतीला कळलं तेव्हा त्यानं फोनवरूनच निकाल लावला. "लपवलं त्यांनी. जुना आजार असणार. पोरीसाठी माणूस काय वाट्टेल ते करतो." इतर वेळी राजश्री त्याला म्हणाली असती, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. पण त्या दिवशी तिलाही तसंच वाटलं. तिला राग आला, आणि तो राग घेऊन ती थेट रुग्णालयामागच्या गल्लीत गेली. जोडी जुळल्यापासून बिरदेवनं तिथं खोली घेतली होती. मेंढरं गावाकडं भावाच्या हवाली केली होती.

दार उघडंच होतं. बिरदेव जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर तांब्याभर दूध. सहा महिन्यांपूर्वी राजश्रीनं त्यांना पाहिलं होतं तेव्हा काटक, उन्हानं रापलेला माणूस होता. आता सदऱ्याची बटणं ताणली होती.

"या ताई. दूध घ्या."

"दूध नको. अण्णा, खरं सांगा, काय लपवलंत आमच्यापासून?"

बिरदेवांनी उचललेला पेला तसाच हातात धरला. "लपवाय काय हाय माज्याकडं?"

"किडनी खराब झालीय तुमची. अकराची सहा झालीय. काय आजार होता?"

"खराब?" त्यांच्या हातातला पेला खाली आला. "खराब कशी हुईल? सा म्हैनं झालं, नुसतं तिच्यावर ध्यान हाय माजं. रोज दोन लिटर दूध. सकाळी सा अंडी. एक दिसाआड पायाचं सूप. मटण तर इचारू नका." राजश्री पिढीजात जैन, ती बिचारी दाराच्या चौकटीला टेकली. बिरदेव सांगतच होते. "आमच्यात पै-पावण्याला मेंढा द्यायचा म्हंजे आधी चार म्हैनं चारत्यात त्याला. हाडकुळं जनावर कुणाच्या दारात बांधलं तर चार लोकं त्वांडात शेण घालत्याल. तुमी चोवीस वर्साची वस्तू देताय माज्या लेकीला. म्या काय वाळलेली द्यावी व्हय?"

"वजन किती वाढलं?"

"चौदा किलो," ते अभिमानानं म्हणाले.

राजश्रीला हसू फुटलं. ते थांबेना, आणि थांबलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! या माणसानं तिच्या नवऱ्यासाठी सहा महिने खाल्लं होतं. आणि ती मगापासून त्याला मनातल्या मनात चोर म्हणत होती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

डॉ. नूतन यांनी सगळं ऐकून कपाळावर हात मारला. मग त्या दोघांनाही समजावून सांगायला बसल्या. किडनीला खाऊ घालून तिची ताकद वाढत नाही, तिचं काम वाढतं. दूध-मटणातलं प्रथिन पचलं की जो कचरा उरतो तो तिलाच गाळावा लागतो. आधी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर मेंढरांमागं चालणारा माणूस खोलीत बसला आणि दुप्पट खायला लागला, तेव्हा गाळण्या रात्रंदिवस ताणाखाली आल्या. "पण ताण आहे, इजा नाही. आयुरेषा होती म्हणूनच ते आज कळलं. साध्या तपासणीत हे आणखी तीन-चार वर्षं दिसलंच नसतं. भाकरी, भाजी, मीठ कमी आणि चालणं. दीड महिना. गाळण्या पुन्हा सावरतील."

"मग दीड महिन्यानं करू की," राजश्री म्हणाली.

डॉक्टरांनी बिरदेवांना बाहेर पाठवलं.

ऋतुजाकडे दीड महिना नव्हता. डायलिसिसची नळी घालायला शरीरात जेवढ्या शिरा होत्या तेवढ्या वापरून संपल्या होत्या. शेवटची मांडीतली. तिथं परवापासून पू होता. "फार तर तीन आठवडे," डॉक्टर म्हणाल्या.

अदलाबदलीतल्या चारही शस्त्रक्रिया एकाच सकाळी होतात, शेजारशेजारच्या थिएटरांत. त्यामागचं कारण सोपं आहे. देणारा शेवटच्या क्षणापर्यंत नाही म्हणू शकतो, आणि कुठलंही न्यायालय कुणाच्या पोटातून किडनी काढून आणू शकत नाही. एकानं आधी दिली आणि दुसरा फिरला, तर पहिल्याच्या हाती धुपाटणंसुद्धा राहत नाही. नव्या कायद्यानं अपवाद ठेवला होता: पहिला दाता 'माझा कशावरही हक्क नाही' असं लिहून देत असेल तर मध्ये अंतर चालेल, म्हणजे राजश्रीनं आत्ता द्यायची, बिरदेवनं दीड महिन्यानं. फारसं कुणी लिहून दिलं नव्हतं.

"आयुरेषा हेही सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "सांगावं की नाही, कळत नाही. पण तुमचा अधिकार आहे." पडद्यावर होतं: दुसऱ्या दात्याची माघार, शंभरात एकोणीस.

राजश्री वॉर्डात गेली. ऋतुजा उशीला टेकून बसली होती. हाताच्या काड्या झाल्या होत्या, पण केस नीट विंचरून वेणी घातलेली. तिला सगळं कळलं होतं.

"मावशी, तुम्ही थांबा," ती म्हणाली. "अप्पा फिरणार नाहीत, मला खात्री आहे. पण ती खात्री माझी. ती तुम्ही कशाला घ्यायची?"

राजश्रीनं पोरीच्या अंगावरची चादर नीट केली आणि बाहेर आली.

भरत डायलिसिसच्या खुर्चीत होता. यंत्र घरघरत होतं. तिनं त्याला सगळं सांगितलं, एकोणीसचा आकडासुद्धा.

"तुझी वस्तू आहे. तू बघ."

"माझी कशी?" ती चिडली. "दोन वर्षं तुमच्यासाठी राखून ठेवलीय मी ती. अन् तो माणूस फिरला तर? माझ्याकडं दुसरी नाही ओ द्यायला. समजतंय का तुम्हाला?"

"माझ्यासाठीच ठेवलीयस ना?"

"मग कुणासाठी?"

"झालं तर मग. माझी आहे. दे माझी तिला."

पंचवीस वर्षांच्या संसारात हा माणूस तिला कैकदा आवडला होता, कैकदा नकोसा झाला होता. त्या क्षणी मात्र तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडली नाही, कारण तो त्यावरही काहीतरी कोटी केल्याशिवाय राहिला नसता.

ती पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत गेली. "ती एकोणीस माणसं का फिरली, सांगते का तुमची आयुरेषा?"

"काहींना घरच्यांनी अडवलं. काही आजारी पडले. बहुतेक घाबरले."

"घाबरलेल्या माणसाला जेवण जातं का, डॉक्टर?"

"म्हणजे?"

"भीती वाटली की घास उतरत नाही. हा माणूस सहा महिने जेवलाय. चौदा किलो." तिनं पेन उचललं. "तुमच्या चार लाखांत असा कुणी असेल तर मला दाखवा."

डॉ. नूतन यांनी खरंच शोधून बघितलं. तसा रकानाच नव्हता. राजश्रीनं सही केली.

तीन दिवसांनी तिची किडनी ऋतुजाच्या पोटात गेली. टाके घालायच्या आतच लघवीची धार लागली, आणि शल्यचिकित्सक म्हणे थिएटरात मोठ्यानं हसले. पाचव्या दिवशी पोरीच्या ओठांना रंग आला. राजश्री कुशीवर हात दाबत तिला बघायला गेली, तेव्हा ऋतुजा पाणी पीत होती, गटागटा, पेल्यामागून पेला. कुणी मोजत नव्हतं. राजश्रीनं दोन वर्षांत घरात कुणाला असं पाणी पिताना पाहिलं नव्हतं, ती बघतच राहिली.

बाराव्या दिवशी बिरदेव तिला येऊन भेटले, "चालाय जातो, ताई," एवढं म्हणाले आणि गेले.

त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. एक आठवडा, दोन, तीन. खोलीला कुलूप. ऋतुजाला विचारायची राजश्रीला लाज वाटत होती, तरी तिनं विचारलं. "मेंढरांबरोबर असतील, मावशी. काकांचाही फोन लागत नाही," ऋतुजा म्हणाली, पण डोळे तिनं पुसले. तिलाही माहीत नव्हतं. इकडे भरतच्या पायाला सूज चढत होती. मध्ये एकदा पोटॅशियम वाढून त्याचं काळीज अडखळलं आणि एक रात्र अतिदक्षता विभागात काढावी लागली. सन्मती पुण्याहून येऊन राहिला. तो काही बोलत नव्हता. त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं राजश्रीला वाटे.

रोपवाटिकेत लोक रोपांची मागणी तोंडी सांगून जात, ती पेरून ठेवी. महिन्यानं शंभरातले चौघे यायचे नाहीत, आणि ट्रेमधली रोपं लांबट होऊन वाया जायची. तिनं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. रोपं पुन्हा पेरता येतात. आता ती सकाळ-संध्याकाळ त्या ट्रेंवर पाणी मारताना आपण मूर्ख ठरलो का, एवढंच घोकत होती. कधी तिला बिरदेवचा संताप यायचा, कधी तो कुठे दरीत पडला असेल अशी काळजी वाटायची, आणि कधी दोन्ही एकदमच.

चाळिसाव्या दिवशी सकाळी भरतचं डायलिसिस चालू होतं. राजश्री शेजारच्या स्टुलावर, सन्मती भिंतीला टेकून. डॉ. नूतन जवळजवळ धावतच आल्या. त्यांच्यामागं बिरदेव.

पहिल्यांदा तिनं ओळखलंच नाही. सदरा अंगावर लोंबत होता. तोंड काळंठिक्कर, गालाची हाडं वर आलेली, पायताणांचे अंगठे तुटून सुतळीनं बांधलेले.

"मोबाइल खोलीवरच ऱ्हायला ओ, कुलपात," ते म्हणाले. "भावाच्या मेंढरांसंगट गेलो व्हतो, पार कर्नाटकात. तितनं जतेला आलो अन् जतेस्नं हितं. एस्टी मिळत व्हती, पर म्हनलं डॉक्टरनी चाला म्हणून सांगितलंय."

"जतेहून चालत?" सन्मती भिंतीपासून सुटला. "ऐंशी-नव्वद किलोमीटर?"

"चार दिस लागलं. गुडघा दुखाय लागला, न्हाय तर तीनच." त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "भाकरी अन् भाजी, डॉक्टरीणबाई. कालवणाला मीठबी न्हाय. मटणाकडं डोळं उचलून बघितलं न्हाय."

डॉ. नूतन यांनी आल्याआल्याच त्यांना काट्यावर उभं केलं होतं, रक्त-लघवी घेतली होती. वजन सतरा किलोंनी उतरलं होतं. पेशींची आठ दिवसांची जुळणी आधीच झालेली, फक्त गाळण्यांचा ताण नव्यानं मोजायचा होता; दोन तासांनी त्या हातात पडदा घेऊनच परत आल्या. तांबडी चौकट गेली होती. रेघ आता सावकाश, लांबवर उतरत होती.

"तेरा," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळेपेक्षाही दोन वर्षं जास्त. मी असं पाहिलेलं नाही."

खुर्चीतून भरतनं दोन्ही हात जोडले. सुया टोचलेल्या होत्या, तरी जोडले. सन्मती पुढं झाला, बिरदेवच्या पायांकडं वाकला आणि ती सुतळी बघून तिथंच थांबला.

बिरदेवचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते पडद्याकडं डोळे बारीक करून बघत होते, आणि चेहऱ्यावर काही समाधान दिसेना.

"तेराच? यांनी चोवीस दिली ओ. डॉक्टरीणबाई, अजून एक पंधरा दिस चाललो तर वाढत्याल का?"

राजश्री उठली. तिनं बिरदेवचा खरबरीत हात दोन्ही हातांत धरला, त्यांना ओढत शेजारच्या रिकाम्या कॉटपाशी नेलं आणि खांदे दाबून बसवलं.

"बसा, अण्णा," ती रडत म्हणाली. "आता एक पाऊल टाकायचं नाही."